अडला हरी, गाढवाचे पाय आणि आमचं अंगण

प्रति,
प्रचार-सल्लागार, सर्वेक्षणवाले, जाहिरातवाले आणि एसएमएस लिहिणारे,
डेमोक्रॅटिक पक्ष, मुक्काम वॉशिंग्टन.

विषय : अंगणातील प्रचारफलक परत मिळणार नसल्याबाबत.
संदर्भ : जुलैपासून तुमच्या नावाने आलेले सर्व संदेश (मोजलेले नाहीत).

बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया
त्रिपुरारी पौर्णिमा, १५ नोव्हेंबर २०२४

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, कारण इंग्रजीची हौस तुम्ही पुरेपूर भागवली आहे. या चार महिन्यांत माझ्या फोनवर जेवढं इंग्रजी आलं, तेवढं मी इथे एम. एस. करतानाही वाचलं नव्हतं. आता पाळी माझी आणि भाषाही माझी. तुमच्याकडे जातीजमातीगणिक वेगळी समिती असते असं ऐकतो. असेल एखादा मराठी पोरगा कुठल्या तरी कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसलेला, त्याच्याकडून वाचून घ्या. नाहीतर मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार आहेतच. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात आणि पक्ष तुमचाच. ते न अडखळता वाचतील.

आधी तुमच्या चिन्हाबद्दल. १८२८ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सनला विरोधकांनी गाढव म्हटलं आणि त्याने ती शिवी बिल्ल्यासारखी छातीवर मिरवली. पुढे टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने तुमचं गाढव पक्कं केलं आणि समोरच्या रिपब्लिकन पक्षाच्या दारात हत्ती बांधला. हे मी नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं. विचारलं नाही कुणी. तरी मराठी माणसाला हे चिन्ह पचायला जड जातं. आमच्याकडे गणितात नापास झालं की घरात पहिला शब्द हाच निघतो. आमच्या म्हणींत गाढवाच्या वाट्याला बरं काही येत नाही, आणि त्यातली एक तर खास माझ्यासाठीच कुणी रचली असावी : अडला हरी, गाढवाचे पाय धरी. कंसाच्या तुरुंगातून बाळकृष्णाला घेऊन निघालेल्या वसुदेवाला वाटेत गाढव दिसलं, ते ओरडलं तर पहारेकरी जागे होतील म्हणून त्याने गाढवाचे पाय धरले, अशी कथा सांगतात.

तर मी अडलेला हरी. तुमच्या प्रेमात वगैरे कधी नव्हतो. ज्या माणसाने २०२० मधली हार अजून मान्य केलेली नाही, ज्याच्या सभेतून उठलेला जमाव ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉल या संसदभवनाच्या खिडक्या फोडून आत घुसला, ज्याला न्यू यॉर्कच्या ज्युरीने ३० मे रोजी ३४ पैकी ३४ आरोपांत दोषी धरलं, त्या ट्रम्पला मत देणं माझ्याच्याने होत नाही. मग उरता तुम्ही. हे जसं मला ठाऊक आहे तसं तुम्हालाही ठाऊक आहे, आणि सगळी गडबड तिथेच आहे. ज्याचे पाय धरले जातात ते गाढव कुठे जाणार? लाथ मारायलाही मोकळं आणि उभं राहायलाही मोकळं.

आमचं घर बक्स काउंटीत, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, डेलावेअर नदीच्या अल्याड. नावातच व्यवहार आहे, कारण इकडच्या बोलीत बक्स म्हणजे डॉलर. राष्ट्राध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० निर्वाचक मतं लागतात, त्यातली १९ पेनसिल्व्हेनियाची. आणि कुठल्या बाजूला झुकतील याचा नेम नाही अशी राज्यं देशात मोजून सात. त्यामुळे गेले १०० दिवस मी राजा होतो. नदीच्या पल्याड एडिसनला माझा मावसभाऊ राहतो. त्याचं शिक्षण माझ्याहून जास्त, घर माझ्याहून मोठं, मत माझ्याइतकंच एक. पण ते न्यू जर्सीचं, त्यामुळे त्याला कुत्रं विचारत नाही. त्याच्या टपालात पिझ्झाची कुपनं यायची आणि माझ्या टपालात लोकशाहीचा अंत. रोज चार-चार पत्रकं, गुळगुळीत कागदाची, डाळीच्या डब्याखाली घालायलासुद्धा निरुपयोगी. एका शनिवारी सकाळी तुमची तीन स्वयंसेवक पोरं दारात आली, ब्रुकलिनहून बसने आलेली. बायकोने चहा विचारला तर गोंधळली बिचारी. त्यांच्या फोनमधल्या यादीत आमच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते मी वाकून पाहिलं. 'भक्कम पाठीराखा'. चहाला थांबली नाहीत. भक्कम माणसाकडे वेळ कशाला घालवायचा?

आता संदेशांकडे येतो. ते तुम्ही स्वतः लिहीत होता, की तुमच्या नावावर जगणाऱ्या समित्या, की समित्यांच्या नावावर जगणारे भामटे, हे मला कधी उलगडलं नाही. सगळ्यांची नावं सारखीच, लोकशाही, विजय, भविष्य हे तीन शब्द पिसून वाटल्यासारखी. भाषाही सारखीच. 'आम्ही भीक मागतो आहोत.' 'आम्ही रडतो आहोत.' 'मध्यरात्रीपर्यंत सात डॉलर दिले नाहीत तर सगळं संपलं.' मध्यरात्र उलटली, सगळं संपलं नाही, आणि सकाळी पावणेसातला 'आम्ही अजून रडतो आहोत.' अहो, आमच्या आळीत उसने पैसे मागणारा सुद्धा आधी तब्येतीची चौकशी करायचा. तुमच्या उमेदवार कमला हॅरिस बाईंनी तीन महिन्यांत १०० कोटी डॉलरच्या वर गोळा केले. एवढ्या पैशांत 'दादा, तुमचं काय म्हणणं आहे?' असा एक ओळीचा संदेश बसला नसता? एकदा सर्वेक्षण आलं होतं खरं. प्रश्न होता : ट्रम्पना थांबवायला हवं का? हो किंवा नाही. 'हो' दाबलं की पुढच्या पानावर क्रेडिट कार्डाचा रकाना.

बायडन साहेबांचं मात्र हळूच बोलतो. २७ जूनला अटलांटातल्या वादफेरीत ८१ वर्षांच्या त्या माणसाची जीभ अडखळली, शब्द हरवले, 'आपण अखेर मेडिकेअरला (म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यालाच) हरवलं' असं काहीतरी तोंडून गेलं, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात कुणी हसलं नाही. घराघरांत असं एक माणूस असतं. त्यांच्या हातून गाडीची किल्ली कधी काढून घ्यायची, कुणी घ्यायची, यावर सुना-मुलं स्वयंपाकघरात कुजबुजतात. अवघड असतं ते. पण तुम्ही कुजबुजलाही नाहीत. उलट वर्षभर आम्हालाच दटावत राहिलात की ते आतल्या बैठकांत तल्लख असतात, बाहेरच्याला दिसत नाही एवढंच. डीन फिलिप्स नावाचा तुमचाच खासदार त्यांच्याविरुद्ध उभा राहून 'किल्ली काढून घ्या' हेच सांगत होता, त्याला तुम्ही माशीसारखा हाकलला. मग २१ जुलैला रविवारी दुपारी माघारीचं पत्र आलं आणि कमला हॅरिस यांच्या हातात १०७ दिवस पडले. एवढ्या दिवसांत आमच्याकडे एका लग्नाचा हॉल मिळत नाही.

ते पहिले काही आठवडे मात्र, खरं सांगतो, मजा आली. नारळाचं ते प्रकरण आठवतं ना? बाईंनी आपल्या आईचं एक वाक्य कधी तरी भाषणात सांगितलं होतं, की तुम्ही पोरं काय नारळाच्या झाडावरून पडलात का. पोरासोरांनी ते उचललं आणि इंटरनेटभर नारळच नारळ. श्यामला गोपालन यांच्या लेकीने व्हाइट हाउसकडे निघावं, तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरमच्या देवळात तिच्यासाठी पूजा व्हावी, तिकडे आंध्रात वडलूरूला दुसऱ्या बाजूच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची बायको उषा व्हान्स हिच्यासाठी प्रार्थना व्हावी, आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'कुणीही जिंको, आपलीच' असा संदेश तीनदा फिरावा, असे ते दिवस. पण मला एक रुखरुख तेव्हाच लागली होती. मराठीत नारळ हातात देतात तो निरोपाचा असतो. नोकरीवरून काढलं की 'नारळ दिला' म्हणतो आम्ही. जुलैत तुम्ही एकाला दिलात आणि नोव्हेंबरात दुसरा तुमच्याच हातात आला. प्रचाराचं प्रतीक ठरवण्याआधी आमच्यातल्या एखाद्याला विचारायला काय हरकत होती?

१० सप्टेंबरची फिलाडेल्फियाची वादफेरी. आमच्या घरापासून जेमतेम तासाभरावर. ट्रम्प म्हणाले की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री खातात, मांजरं खातात. सूत्रधाराने तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या अधिकाऱ्यांना असं काही आढळलेलं नाही. आरोग्यविम्याची योजना आहे का विचारलं तर उत्तर आलं, योजनेच्या कल्पना आहेत. हे तर आमच्या नगरपालिकेत शोभलं असतं. आम्ही हसलो. रात्रभर हसलो. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याची गाणी निघाली, मी स्वतः चार गटांत पुढे पाठवली, पुण्याहून काकूचा प्रतिसाद आला की पोट दुखलं हसून. त्याच आठवड्यात स्प्रिंगफील्डच्या शाळा बॉम्बच्या धमक्यांमुळे रिकाम्या करत होते. हैतीहून आलेली माणसं पोरांना बाहेर सोडायला घाबरत होती. उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांनी टीव्हीवर कबूलच केलं की लोकांच्या हालांकडे माध्यमांनी लक्ष द्यावं म्हणून गोष्टी तयार कराव्या लागल्या तर आपण करू. आणि माझ्या फोनवर अजून ते गाणं वाजत होतं.

हा आरोप तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे. पण तुमच्यासाठीही त्यात थोडं आहे. आम्ही हसत होतो म्हणून आम्हाला वाटलं की आम्ही जिंकतो आहोत, आणि तुमच्या जाहिरातवाल्यांनाही तेच वाटलं. ट्रम्पच्या जवळ वावरणाऱ्या लॉरा लूमर बाईंनी लिहिलं की हॅरिस आल्या तर व्हाइट हाउसला करीचा वास येईल. आमच्या गटात लगेच 'आमटीचा येऊ दे की' म्हणून विनोद सुरू. आता उपाध्यक्षांच्या सरकारी बंगल्यात आंध्रची मुलगी राहायला जाणार आहे. फोडणीचा वास तिथेही पोचेल, आणि तो कुणाला खटकणार नाही, कारण वास कुणाच्या घरातून येतो यावर ठरतं.

समोरच्या बाजूचा प्रचार म्हणाल तर ती जत्रा होती. ५९ डॉलर ९९ सेंटला बायबल (किंमत बाटाच्या दुकानातली वाटते, छपाई चीनमधली निघाली), ३९९ डॉलरला सोनेरी बूट, १ लाख डॉलरला घड्याळ. १४ ऑक्टोबरला आमच्या शेजारच्या काउंटीत, ओक्स गावी, प्रश्नोत्तरांची सभा होती. गर्दीत दोघांना भोवळ आली. मग उमेदवार म्हणाले, प्रश्न पुरे, गाणी ऐकू. आणि जवळजवळ चाळीस मिनिटं मंचावर उभं राहून डोलत राहिले. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटीवाला आला नाही तर बुवा असा वेळ काढतात. सहाच दिवसांनी ते आमच्या काउंटीतच आले, फीस्टरविलच्या मॅकडोनल्ड्समध्ये. ॲप्रन बांधलं, बटाट्याच्या काड्या तळल्या, खिडकीतून पुड्या दिल्या. दुकान त्या दिवशी गिऱ्हाइकांना बंद होतं, गाडीतून आलेली गिऱ्हाइकं आधीच ठरवलेली होती, आणि तरुणपणी मॅकडोनल्ड्समध्ये काम केल्याचं सांगणाऱ्या कमलाबाईंपेक्षा आपण पंधरा मिनिटं जास्त काम केलं असं ते वर म्हणाले. नाटक होतं, सगळ्यांना कळत होतं. पण नाटक बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, आणि ती भाड्याने आणलेली नव्हती. त्यांतली काही माझ्या ओळखीची होती. एक जण आमच्या नळाचं काम करतो.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत त्यांच्या विनोदवीराने अमेरिकेच्याच ताब्यातल्या पोर्टो रिको बेटाला तरंगता कचरा म्हटलं. तुम्हाला वाटलं, आता गाठलं. दोन दिवसांत बायडन साहेबांच्या तोंडून असं काही निघालं की ट्रम्पचे पाठीराखेच कचरा ठरले. पुढच्या दिवशी ट्रम्प नारिंगी जाकीट घालून विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या गाडीत चढून बसले. तुम्ही मात्र बायडन साहेबांच्या वाक्यातली अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर, म्हणजे कचरा एका पाठीराख्याचं बोलणं की सगळे पाठीराखे, याचा खुलासा काढत बसलात. व्याकरणाने निवडणूक जिंकता आली असती तर महाराष्ट्रावर शाळामास्तरांचंच राज्य असतं.

इथे मला आमची दुसरी म्हण आठवते. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. यंदा पात्रांची अदलाबदल झाली. गीता गाढवाने वाचली. संस्था, मूल्यं, कायद्याचं राज्य, अठरा अध्याय. सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. आणि समोर बसलेल्यांनी शांतपणे ऐकून सांगितलं, कालचा गोंधळ बरा होता. काल म्हणजे त्यांच्या लेखी २०१९. २०२० ची करोनाची प्रेतं त्यांच्या हिशेबातून गळली, अंड्यांचा भाव राहिला. जून २०२२ मध्ये इथे महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांत गेला नव्हता एवढा. पुढे तो उतरला आणि तुम्ही आलेख घेऊन धावलात : पाहा, उतरला! अहो, दर उतरला, भाव नाही उतरले. तीन रुपयांची जुडी पाच रुपयांची झाली आणि आता पाचावर थांबली, याचे पेढे कोण वाटतो? आमच्याकडे १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्याचं सरकार घालवलं. तेव्हा कांद्याला कुणी विचारलं नाही की तुझा घाऊक निर्देशांक काय. त्या सरकारातही हुशार माणसं होतीच की.

आणि टीव्हीवरच्या त्या बाईंच्या गप्पांच्या कार्यक्रमात, ८ ऑक्टोबरला, हॅरिस यांना सरळ सोपा प्रश्न आला : बायडनपेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतंत? त्या म्हणाल्या, आत्ता काही आठवत नाही. मी भांडी घासत होतो, हातातली कढई निसटली. विरोधकांना जाहिरात लिहायचे कष्टसुद्धा पडू दिले नाहीत. तुम्ही लोक कशाचा पगार घेता? हा प्रश्न येणार हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक होतं.

या सगळ्या काळात तुम्ही पाय कुणाचे धरत होता? चेनींचे! डिक चेनींची मुलगी, रिपब्लिकन माजी खासदार लिझ चेनी, त्यांना घेऊन विस्कॉन्सिनच्या रिपन गावी, रिपब्लिकन पक्षाच्या जन्मस्थळी सभा. मग मिशिगनातही त्याच. २००३ मध्ये इराकवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा मी विद्यार्थी होतो, थंडीत फलक घेऊन उभा राहिलो होतो, आणि त्या फलकावर ज्यांचं नाव होतं त्या तेव्हाच्या उपाध्यक्ष डिक चेनींच्या पाठिंब्याचं तुम्ही मला कौतुक सांगत होता. मिशिगनात फेब्रुवारीच्या प्राथमिक फेरीत लाखभर माणसांनी गाझासाठी 'अनकमिटेड'वर (म्हणजे कुणालाच मत नाही) खूण करून तुम्हाला निरोप धाडला होता. शिकागोच्या अधिवेशनात त्यांचं एकही पॅलेस्टिनी माणूस मंचावर पाच मिनिटं बोलू शकलं नाही. रिपब्लिकन माणसं बोलली. आमच्याही काउंटीत, वॉशिंग्टन क्रॉसिंगला, सभा झाली ती पक्ष सोडून आलेल्या रिपब्लिकनांची. याच ठिकाणी १७७६ च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने बर्फातून नदी ओलांडली होती. तुम्हाला वाटलं, पलीकडचे लोक तशीच नदी ओलांडून येतील. आले ना, फोटोत आले तेवढे.

त्यांची एक जाहिरात मात्र मला रात्री झोपू द्यायची नाही. फुटबॉलच्या सामन्यात दर दहा मिनिटांनी लागायची. शेवटचं वाक्य असं, की कमला 'दे-देम'वाल्यांची, ट्रम्प तुमचे. ट्रान्सजेंडर माणसांच्या सर्वनामांवर सगळा रोख. आता आमच्याकडे एका माणसाला 'ते' म्हणायला कधी कायदा लागला नाही. सासरे आले, की 'ते' आले. आईने आयुष्यात वडिलांचं नाव घेतलं नाही, 'हे' आणि 'ह्यांना' वर पन्नास वर्षं संसार केला. एकाला अनेकवचन लावणं म्हणजे आदर, हे आम्ही बाळगुटीतच शिकतो. मी वाट पाहत राहिलो की तुमच्यातलं कुणी तरी उभं राहून असं काही साधं, घरगुती, माणसासारखं उत्तर देईल. तुम्ही गप्प बसलात. बहुधा सर्वेक्षणात गप्प बसण्याला दोन टक्के जास्त मिळाले असावेत.

इलॉन मस्क तर थेट चेक घेऊन उतरले. अर्जावर सही करा, रोज एका नोंदणीकृत मतदाराला १० लाख डॉलर, फक्त सात राज्यांत. पेनसिल्व्हेनियात सहीचे वर १०० डॉलर. चेक एवढा मोठा की दोघांनी धरावा. गावाकडे पाकीट रात्री दाराखालून सरकवतात आणि देणाऱ्याला निदान लाज तरी वाटते. फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलाने ही लॉटरी आहे म्हणून खटला भरला, तर मस्कच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं की छे छे, विजेते नशिबाने निघतच नाहीत, आम्ही आधी निवडतो. न्यायाधीशांनी चालू दिलं. तिकडे महाराष्ट्रात येत्या २० तारखेला मतदान आहे. लाडक्या बहिणींना महिना १,५०० मिळतात, एक बाजू २,१०० म्हणते, दुसरी ३,०००. बहीण विचारते, तुमच्याकडे भाव काय निघाला? मी काय सांगू? भक्कम पाठीराख्याला भाव नसतो गं.

आमच्या गटातले एक काका उघडपणे तिकडे गेले. ३१ ऑक्टोबरला ट्रम्पनी दिवाळीच्या शुभेच्छा देताना बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांचा निषेध केला, तो संदेश काकांनी फटाक्यासारखा लावला. आता दिवाळी तुम्हीही दिली होतीत. तुमच्या पक्षाच्या गव्हर्नर शपिरोंनी त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियात दिवाळीला राज्याची सुट्टी जाहीर करणारा कायदा केला. फक्त त्या कायद्याने शाळा बंद होत नाहीत आणि कचेऱ्याही नाहीत. म्हणजे सुट्टी आहे, पण सुट्टी नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऑफिसात बसून मी या कायद्याचा अर्थ लावत होतो आणि मला वाटलं, तुमचा अख्खा प्रचार यात मावतो.

मत मी टपालाने दिलं. ५ नोव्हेंबरला मंगळवार, आणि मंगळवारी सुट्टी नसते. १८४५ मध्ये शेतकऱ्यांना रविवारी चर्च आणि बुधवारी बाजार असायचा म्हणून मंगळवार ठरला, तो अजून तोच. आमच्या कार्यालयात शेतकरी एकही नाही. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गुप्त लिफाफ्यात घालायची, मग तो बाहेरच्या लिफाफ्यात, त्यावर सही, त्यावर स्वहस्ते तारीख. आतला लिफाफा विसरला तर तिला नग्न मतपत्रिका म्हणतात आणि ती मोजत नाहीत. हो, खरंच तसं म्हणतात. बायकोने माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं. लग्नाच्या अहेराच्या पाकिटावर इतकी नजर ठेवली नव्हती.

आणि निकाल. ३१२ विरुद्ध २२६. सातही राज्यं गेली. आयोवात तुम्ही तीन टक्क्यांनी पुढे असं ज्या सर्वेक्षणाने सांगितलं, तिथे तेरा टक्क्यांनी मागे पडलात. आमची बक्स काउंटी काहीशे मतांनी गेली. १९८८ नंतर पहिल्यांदा. काहीशे म्हणजे आमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये मावतील एवढी माणसं. त्यातल्या किती जणांकडे तुमची पोरं चहाला थांबली होती?

हरल्यानंतर दोन-चार दिवस शांतता असेल असं वाटलं. सुतक पाळतात माणसं. पण ७ तारखेला सकाळी संदेश आला, 'अजून मतमोजणी बाकी आहे, २५ डॉलर द्याल का?' तिकडे ट्रम्पच्या येणाऱ्या सरकारात खर्चकपातीचं खातं निघालं आहे, त्याला प्रमुख दोन नेमले आहेत, म्हणजे कपातीची सुरुवात दुपटीने. मला त्यावर हसावंसं वाटलं, आणि मग स्प्रिंगफील्डची आठवण झाली.

आता मूळ मुद्दा. आमच्या अंगणात तुमचा फलक होता, शेजाऱ्याच्या अंगणात ट्रम्पचे पाच. मध्ये मेपलचं झाड. त्याची पानं दोघांच्याही हद्दीत पडतात, ती कुणाची यावर आमचा कधी वाद झाला नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघंही ती लोटत होतो. चार महिने आम्ही हवेशिवाय कशावर बोललो नव्हतो. तो म्हणाला, त्या फलकाच्या तारा टाकणार आहेस का? चांगल्या जाड असतात, त्याला टोमॅटोला टेकू लावायला हव्यात. मी म्हटलं, मला घेवडा चढवायला हवी. बराच वेळ त्याला घेवडा म्हणजे काय ते सांगण्यात गेला. शेवटी त्याच्या पाचांतल्या दोन तारा त्याने मला दिल्या आणि वर विचारलं, ती भाजी तिखट करतात का?

तेव्हा फलकाचा पुठ्ठा मंगळवारच्या कचऱ्याच्या गाडीत जाईल. तारा परत मागू नयेत.

कळावे. लोभ आहेच, तो किती डॉलरचा हे तुमच्या यादीत लिहिलेलं आहे.

आपला,
भक्कम पाठीराखा

ता. क. : पत्र मिळाल्याची पोच पाठवू नये. पोचेखाली देणगीचं बटण असतं.